भाकर मोडताना

१९६४ च्या नोव्हेंबरात, अवघ्या आठवडाभरात, कॅथलिक जगात तीन गोष्टी घडल्या. २१ तारखेला रोममध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने चर्चविषयीचा आपला मुख्य दस्तऐवज जाहीर केला आणि त्यात मिस्साबलिदानाला साऱ्या ख्रिस्ती जीवनाचा उगम आणि शिखर म्हटलं. त्याच दिवशी पोप सहावे पॉल यांनी ख्रिस्तप्रसादाआधीचा उपवास तीन तासांवरून एका तासावर आणला. आणि २८ तारखेला मुंबईत ३८वी आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस सुरू झाली.

२ डिसेंबरला पोप स्वतः मुंबईत उतरले. भारतात आलेले ते पहिले पोप. यजमानपद मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस यांच्याकडे होतं. दुसऱ्या दिवशी ओव्हल मैदानावर पोपनी वेगवेगळ्या खंडांतून आलेल्या सहा धर्मगुरूंना बिशपपदाची दीक्षा दिली. इतर धर्मांच्या प्रतिनिधींशी बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातल्या प्रार्थनेचा आधार घेतला. परतण्याआधी पत्रकारांमार्फत त्यांनी साऱ्या राष्ट्रांना एक आवाहन केलं: शस्त्रास्त्रांवर होणाऱ्या खर्चातला काही भाग तरी बाजूला काढा आणि त्यातून जगातल्या गरिबांसाठी एक निधी उभारा.

ख्रिस्तप्रसादाच्या भक्तीसाठी भरलेल्या सोहळ्यात शस्त्रांच्या खर्चाचा विषय कुठून आला, असं कुणालाही वाटेल. मला मात्र हा विषय तिथलाच वाटतो. मिस्सा म्हणजे काय ते समजणं, तिच्यावर भक्ती असणं आणि भुकेल्याकडे लक्ष जाणं या तिन्ही गोष्टी मुळात एकत्र होत्या. इतिहासात जेव्हा जेव्हा त्यांची फारकत झाली, तेव्हा मिस्सा चालू राहिली, पण तिच्यातून माणसांच्या पदरात पडायचं ते पडलं नाही.

अगदी पहिला पुरावाच याची साक्ष देतो. इसवी सनाच्या पन्नाशीच्या दशकात संत पौलाने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं. शुभवर्तमानं लिहून होण्याआधीचं हे पत्र. येशूच्या शेवटच्या भोजनाचा सर्वांत जुना लेखी वृत्तांत त्यातच सापडतो, आणि तो सापडतो एका खरडपट्टीच्या मधोमध. प्रभूच्या भोजनासाठी लोक जमत, तेव्हा सुखवस्तू मंडळी आपलं आणलेलं आधीच खाऊन घेत. गरीब उपाशी राहत आणि इकडे काहींना पिऊन चढलेली असे. पौल त्यांना सुनावतो की तुम्ही जे करता त्याला प्रभूचं भोजन म्हणताच येणार नाही. त्या रात्री येशूने भाकर हातात घेऊन काय केलं, काय म्हटलं, हे तो त्यानंतर सांगतो. भांडण पंगतीवरून सुरू झालं, म्हणून तो वृत्तांत आपल्यापर्यंत पोहोचला.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १५५ च्या सुमारास, संत जस्टिनने रोममधून सम्राट अँटोनायनस पायस याला उद्देशून ख्रिस्ती लोकांच्या बाजूने एक निवेदन लिहिलं. रविवारी आम्ही जमून काय करतो, ते त्यात पायरीपायरीने सांगितलं आहे. आधी वाचन, मग प्रमुखाचं बोलणं, उभं राहून प्रार्थना, भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणणं, उपकारस्तुती, लोकांचं 'आमेन', आणि वाटप. आजच्या वसईतल्या कुठल्याही चर्चमधल्या रविवारच्या मिस्सेला हा क्रम जसाच्या तसा लागू पडतो. जस्टिन पुढे दोन गोष्टी जोडतो. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी सेवक वाटा पोहोचवतात. आणि ज्यांना शक्य आहे ते जे देतात, त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे लोक यांची सोय होते. या दोन गोष्टी तो मिस्सेच्या वर्णनातच सांगतो, वेगळ्या 'समाजकार्या'त नाही.

मध्ययुगातली फारकत वेगळ्या तऱ्हेची होती. ख्रिस्त खरोखर उपस्थित आहे या श्रद्धेतून आदर वाढला आणि आदरातून धास्ती वाढली. आपली लायकी नाही म्हणून लोक ख्रिस्तप्रसाद घेईनासे झाले. धर्मगुरू तो उंच धरत तो क्षण डोळे भरून पाहायचा, एवढंच बहुतेकांच्या वाट्याला उरलं. अखेर १२१५ मध्ये चौथ्या लॅटरन परिषदेला फर्मान काढावं लागलं की प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा, ईस्टरच्या काळात, ख्रिस्तप्रसाद घेतलाच पाहिजे. जो अन्न म्हणून दिला गेला, तो खावा म्हणून सक्ती करण्याची वेळ आली होती.

त्याच शतकात लिएजजवळच्या मठातल्या ज्युलियानाच्या आग्रहातून ख्रिस्तशरीराचा सण सुरू झाला. १२४६ मध्ये तिथल्या बिशपांनी तो आपल्या धर्मप्रांतापुरता ठरवला आणि १२६४ मध्ये पोप चौथे अर्बन यांनी सगळ्या चर्चला लागू केला. या सणाच्या मिरवणुकी आणि आराधना यांना मी कमी लेखत नाही. वेदीपुढच्या शांततेत तासन्‌तास बसणाऱ्या माणसांनी फार मोठी कामं केली आहेत. मदर तेरेसांच्या धर्मभगिनींचा आराधनेचा रोजचा तास सर्वांना ठाऊक आहे. पण पाहणं हे जेवण्याची जागा घेऊ शकत नाही, हे चर्चच्या पुन्हा ध्यानात यायला सहाशेहून अधिक वर्षं लागली. १९०५ मध्ये पोप दहावे पायस यांनी वारंवार, शक्य तर रोज, ख्रिस्तप्रसाद घेण्याचं आवाहन केलं. १९१० मध्ये त्यांनी पहिल्या ख्रिस्तप्रसादाचं वय सात वर्षांच्या आसपास आणलं. त्याआधी मुलांना बाराचौदा वर्षांची होईपर्यंतही थांबावं लागे.

आपल्याकडची अडचण भाषेची होती. वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांकडे आला, पण इथल्या गावांतली मिस्सा लॅटिनमध्येच राहिली, जशी ती जगात बहुतेक ठिकाणी होती. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून पुटपुटत आणि लोक मागे रोझरीचे मणी ओढत. मराठीची ताकद कुणाला ठाऊक नव्हती असं नाही. इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोल इथे छापून झालं होतं आणि ते चर्चमधून गायलंही जाई. ख्रिस्ताची कथा मराठीत आणि मिस्सा लॅटिनमध्ये, अशी साडेतीनशे वर्षं गेली. ४ डिसेंबर १९६३ ला व्हॅटिकन परिषदेने उपासनेचा दस्तऐवज मंजूर करून लोकभाषेला दार उघडलं आणि लोकांनी मिस्सेत समजून उमजून, पुरता भाग घ्यावा अशी अपेक्षा मांडली. आज वसई धर्मप्रांतातल्या गावोगावच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत होते. घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणारी आजी वेदीवरचा शब्द न् शब्द ऐकू शकते.

१९६९ मध्ये रोमने भारतीय बिशपांच्या विनंतीवरून बारा बदलांना मान्यता दिली. पादत्राणं बाहेर काढून जमिनीवर बसणं, गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून खोल वाकणं, मेणबत्तीऐवजी समई, वेदीवर ताम्हणासारखं तबक, आणि उपकारस्तुतीच्या महाप्रार्थनेच्या शेवटी फुलं, धूप आणि दीप यांची आरती. यावरून वाद झाले. त्यातली आरती जिथे मनापासून होते तिथे एक गोष्ट साधते. त्या महाप्रार्थनेचा शेवट हा मिस्सेचा कळस आहे हे लॅटिनच्या काळात फार थोड्यांना ठाऊक होतं. आरती सुरू झाली की मागच्या बाकावरच्या मुलालाही ते कळतं.

भाषा कळली म्हणजे अर्थ पोहोचला, असं मात्र झालेलं नाही. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटरने २०१९ मध्ये केलेल्या पाहणीत फक्त ३१ टक्के कॅथलिकांनी सांगितलं की मिस्सेत भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात. ६९ टक्क्यांना ती प्रतीकं वाटत होती. या आकड्याने खळबळ माजली. मला त्याच पाहणीतला दुसरा आकडा अधिक बोलका वाटतो. एकूण कॅथलिकांपैकी ४३ टक्के लोक ती प्रतीकं मानत होते आणि चर्चची शिकवणही तीच आहे असं समजत होते. शिकवण माहीत असून नाकारणारे २२ टक्के होते. म्हणजे बहुतेकांनी श्रद्धा सोडलेली नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. अमेरिकन बिशपांनी २०२२ पासून तीन वर्षांची मोहीम हाती घेतली आणि जुलै २०२४ मध्ये इंडियानापोलिसच्या स्टेडियममध्ये राष्ट्रीय काँग्रेस भरवली. १९४१ नंतर अमेरिकेतली ही पहिलीच राष्ट्रीय काँग्रेस.

आपल्याकडे अशी पाहणी झाली तर काय दिसेल, याचा अंदाज बांधण्यापेक्षा आपण शिकवतो कसं ते पाहावं. तिसरी-चौथीच्या सुमारास मुलांची धर्मशिक्षणाच्या वर्गात तयारी होते. प्रश्नोत्तरं पाठ होतात, पांढरे कपडे शिवले जातात, हॉल ठरतो, फोटोग्राफर येतो. आणि तिथेच शिक्षण थांबतं. नवव्या वर्षी मिळालेल्या समजुतीवर माणूस सत्तर वर्षं काढतो. हिशेब, शेती, नोकरी, संसार यांतली त्याची जाण वाढत जाते, वेदीवरची मात्र तेवढीच राहते. धर्मग्रामांनी पैसा आणि वेळ कुठे घालावा असं मला कुणी विचारलं, तर मी प्रौढांच्या शिक्षणाकडे बोट दाखवीन.

या शिक्षणाचा जुना नमुना उपलब्ध आहे. चौथ्या शतकात यरुशलेममध्ये ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेतलेल्या प्रौढांना पुढच्या आठवडाभर रोज बोलावून, त्यांनी नुकतंच जे अनुभवलं त्याचा अर्थ सांगितला जाई. आधी अनुभव, मग उलगडा. संत सिरिलच्या नावावर असलेल्या त्या प्रवचनांत हात कसे धरावेत इथपर्यंत सांगितलं आहे: राजाला बसवायचं असावं तसा डावा हात उजव्याखाली धरा आणि कणही सांडू देऊ नका.

तशाच नजरेने मिस्सेतली एकच कृती पाहू. 'हे देवाच्या कोकरा' सुरू होतं आणि धर्मगुरू मोठी ओस्ती, म्हणजे मिस्सेतली पातळ भाकर, दोन्ही हातांत धरून मोडतो. माइक जवळ असेल तर कटकन आवाज येतो. गहू आणि पाणी याशिवाय तिच्यात काही नसतं, खमीरसुद्धा नाही, म्हणून ती कोरडी आणि कडक असते. अर्ध्याचा एक बारीक तुकडा काढून तो द्राक्षारसाच्या पेल्यात टाकला जातो. लोक त्या वेळी गात असतात, कुणी शांतीचा नमस्कार आटोपत असतो, आणि ही हालचाल बहुतेकांच्या नजरेतून निसटते. पाचव्या शतकातल्या रोममध्ये पोपच्या मिस्सेतला तुकडा रविवारी शहरातल्या इतर चर्चना धाडला जाई आणि तिथले धर्मगुरू तो आपल्या पेल्यात टाकत, सगळ्यांची वेदी एकच आहे याची खूण म्हणून. ४१६ मध्ये पोप पहिले इनोसंट यांनी लिहिलेल्या पत्रात या प्रथेचा उल्लेख आहे. आजचा तो बारीक तुकडा पेल्यात पडतो, तेव्हा त्या प्रथेची आठवण जाणकारांना होते.

मोडणं हे प्रारंभीच्या ख्रिस्ती लोकांत या संपूर्ण विधीचं नावच होतं. पुढे थॉमस अक्वायनस यांनी विचार केला की ओस्ती मोडली तर ख्रिस्त मोडतो का? त्यांचं उत्तर असं: मोडतं ते रूप. रंग, चव, वजन, आकार सगळं भाकरीचंच राहतं, पण ते जे मुळात आहे ते बदललेलं असतं, आणि प्रत्येक तुकड्यात तो पूर्णच असतो. १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने हीच शिकवण पक्की केली. सणाच्या दिवशी गर्दी वाढली आणि ओस्त्या कमी पडू लागल्या, की फादर एकीचे दोन, मग चार तुकडे करतात. पाव तुकडा मिळालेल्या माणसाला कमी मिळालेलं नसतं. तत्त्वज्ञानाचा एवढा अवघड सिद्धान्त शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या तळहातावर येतो, आणि त्या क्षणासाठी फादरांनी प्रवचनात एक वाक्य राखून ठेवलं, तर वर्षभराच्या वर्गाचं काम होईल.

ख्रिस्तप्रसादाच्या भुकेची जाणीव सगळ्यात तीव्रपणे झाली ती २०२० मध्ये. मार्चमध्ये कोविडमुळे चर्चची दारं बंद झाली. २७ मार्चला पोप फ्रान्सिस यांनी पावसात भिजलेल्या, रिकाम्या सेंट पीटर चौकासमोर उभं राहून जगाला ख्रिस्तप्रसादाचा आशीर्वाद दिला. मोबाइलवर मिस्सा दिसू लागली. वाचन ऐकू येई, प्रवचन ऐकू येई, आणि वाटपाच्या वेळी पडद्यासमोर बसलेल्याच्या हाती काहीच येत नसे. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्याच दिवसांत, पुन्हा उघडली. लाटांनंतर सगळं सुरळीत झालं तरी मोबाइलवरची मिस्सा मागे राहिली, आणि धडधाकट माणसंही तिच्यावर भागवू लागली. त्यांना ओरडून उपयोग नाही. मिस्सा हा पाहायचा कार्यक्रम असेल तर घरबसल्या पाहणं सोयीचंच आहे. ती पंगत आहे हे आधी कळायला हवं.

अंथरुणाला खिळलेल्यांचं तसं नाही. त्यांच्यासाठी जस्टिनच्या काळातली वाट आजही चालू आहे. १९७३ पासून रोमने सामान्य प्रापंचिकांनाही ख्रिस्तप्रसाद वाटण्याची आणि घरी नेण्याची परवानगी दिली आहे. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी असा सेवक गळ्यातल्या पिशवीत एक छोटी गोल डबी घेऊन निघतो. घरात एका टेबलावर पांढरा कपडा, क्रूस, मेणबत्ती आणि पाण्याचा पेला ठेवलेला असतो. म्हाताऱ्या माणसाला गिळता येत नसेल, तर तो ओस्तीचा लहानसा तुकडा मोडून पाण्याच्या घोटाबरोबर देतो.

पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी करणाऱ्या मुलांना या सेवकाबरोबर एकदा तरी न्यावं. दोन-दोन मुलं, आईवडिलांच्या परवानगीने, आपल्याच आळीतल्या एखाद्या घरी. डबी उघडताना पाहू द्यावी, म्हाताऱ्या आजोबांशी बोलू द्यावं, परत येताना प्रश्न विचारू द्यावेत. त्या घरात औषधाला पैसे नाहीत असं मुलांच्या लक्षात आलं, तर ते त्यांनी वर्गात सांगावं, आणि पुढच्या रविवारच्या दानातून त्यांच्या देखत तिथे मदत जावी. यासाठी नवा अभ्यासक्रम लागणार नाही. सेवक आहेत, मुलं आहेत, आजारी माणसांची यादी धर्मगुरूंच्या कार्यालयात आहे.