अजिंठा की वेरूळ? गल्लत टाळण्यासाठी

• सुट्टीचा वार : अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. बेत आखताना आधी हेच पाहावे.

• अंतर : छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ सुमारे ३० कि.मी., अजिंठा सुमारे १०० कि.मी. दोन्ही एका दिवसात उरकू नयेत.

• चैत्य आणि विहार : चैत्य म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह. विहार म्हणजे भिक्षूंचा निवास.

• अजिंठा : वाघूर नदीच्या नालाकृती वळणावरची बौद्ध लेणी. पहिला टप्पा इ.स.पूर्व काळातला, दुसरा पाचव्या शतकातला, वाकाटकांच्या राजवटीतला. चित्रांसाठी खडकावर माती, भुसा व वनस्पतींच्या तंतूंचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर, तो वाळल्यावर रंग. म्हणून ही चित्रे ‘फ्रेस्को’ (ओल्या गिलाव्यावर रंगवलेली) नव्हेत. बोधिसत्त्व पद्मपाणीचे चित्र लेणे क्र. १ मध्ये, गाभाऱ्याच्या दाराच्या डाव्या हाताला. तिथे घाई करू नये. फ्लॅश वापरण्यास मनाई.

• १८१९ : शिकारीला आलेला ब्रिटिश अधिकारी जॉन स्मिथ अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंत पोहोचला. लेणे क्र. १० मधल्या खांबावर त्याने कोरलेले नाव आज डोक्याच्या बरेच वर दिसते, कारण तेव्हा आत मातीचा ढीग साचलेला होता.

• वेरूळ : क्रमांक दिलेली ३४ लेणी. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. क्र. १६ म्हणजे कैलास : एकाच कातळातून, कळसाकडून पायाकडे कोरलेले मंदिर, आठवे शतक, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला.

• जागतिक वारसा : दोन्ही, १९८३.