हजार मिलिग्रॅमचा हिशेब

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, पाटणकर बाजाराच्या आसपासच्या मराठी घरांत थंडी पडली की तीळ-गुळाची गजक येते. गजकेसोबत "तीळ खा, हाडे मजबूत होतात" हा सल्लाही येतो. तो खरा आहे, पण अर्धा. पदार्थात कॅल्शियम किती आहे हा एक प्रश्न झाला. त्यातले अंगी किती लागते, हा दुसरा प्रश्न आपण विचारतच नाही.

आधी गरज पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्री-पुरुषांना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. २०१० मध्ये हाच आकडा ६०० होता. अंगावर पाजणाऱ्या आणि पाळी गेलेल्या स्त्रियांना १२०० लागते. शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. उरलेले जेमतेम एक टक्का रक्तात व पेशींत असते. स्नायू आणि हृदय त्यावरच चालतात. म्हणून आहारात कमी पडले की पॅराथायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणते. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल येतो आणि हाडे मात्र झिजत राहतात.

सर्वांत सोपा स्रोत दूध. शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि त्यातले साधारण तीस टक्के शरीर शोषून घेते. साय काढली तरी ते कमी होत नाही. लोण्या-तुपात मात्र ते जवळजवळ नसतेच. दूध पचत नसेल, तर बहुतेकांना दही पचते. श्रीखंडासाठी दही टांगतो तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवावी. दह्यातल्या आम्लामुळे कॅल्शियम विरघळून बरेचसे खाली गळणाऱ्या हिरवट पाण्यात जाते. ते पाणी मोरीत ओतू नका. त्यात कणीक भिजवा, नाहीतर कढीत घाला.

पालेभाज्यांत फरक मोठा आहे. पालकातले कॅल्शियम ऑक्झॅलेटने बांधलेले असते, त्यामुळे जेमतेम पाच टक्के शोषले जाते. पालक फोलेटसाठी खावा, कॅल्शियमसाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नये. मोहरी आणि मुळा एकाच कुळातले. त्यांच्या पाल्यात ऑक्झॅलेट कमी असते. शंभर ग्रॅम मुळ्याच्या पाल्यात २३० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. मुरैना-भिंड ही मोहरीचीच पट्टी, त्यामुळे हिवाळ्यात ग्वाल्हेरला सरसोंच्या भाजीला तोटा नाही. मेथीही चांगली.

आता तीळ. सालीसकट शंभर ग्रॅम तिळांत हजाराहून जास्त मिलिग्रॅम कॅल्शियम सापडते, पण ते बहुतांशी सालीत आणि पुष्कळसे ऑक्झॅलेटच्या रूपात असते. पांढरेशुभ्र, साल काढलेले तीळ घेतले तर आकडा शंभराच्या आसपास येतो. मुरैनाच्या गजकेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि ती चवीने खावी. पण तिच्यात गूळ-साखरही भरपूर असते. रोजच्यासाठी न सोललेले तीळ भाजून त्यांची चटणी करावी.

धान्यांत नाचणी वेगळीच. शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम. बाजरीत जेमतेम तीस-चाळीस. भाकरी दिसायला सारखी, हिशेबात दहापट फरक. ग्वाल्हेरच्या दुकानात नाचणी म्हटल्यावर कळले नाही, तर रागी किंवा मडुआ म्हणावे. नाचणी भिजवून मोड आणले की कॅल्शियम बांधून ठेवणारे फायटेट कमी होते आणि कॅल्शियम अधिक मोकळे होते.

एका दिवसाची बेरीज अशी: एक पेला (२०० मिलि) दूध २४०, मोठी वाटी दही २००, पन्नास ग्रॅम पिठाची नाचणीची भाकरी १७५, शंभर ग्रॅम मुळ्याचा पाला किंवा मेथी सुमारे २५०, दोन चमचे तिळाची चटणी शंभरेक, वरण-पोळी-उसळीतून ऐंशी. हजार पार झाले, आणि यात एकही महाग वस्तू नाही. हे एका जेवणात कोंबू नका. एका वेळी थोडे आले तर शरीर जास्त टक्के घेते.

दोन गोष्टी बाकी आहेत. ड जीवनसत्त्वाशिवाय आतडे कॅल्शियम नीट घेत नाही, म्हणून दुपारच्या उन्हात हात-पाय थोडा वेळ उघडे असू द्या. मीठ जास्त झाले की लघवीवाटे कॅल्शियम जाते. लोणचे-पापडाला आवर घाला. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, विशेषतः मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर.

सुरुवात उद्याच्या मुळ्यापासून करा: भाजीवाल्याला पाला तोडू देऊ नका.