कागदपत्रांच्या चित्रप्रती कशा कराव्यात?

अनुदान, पीकविमा किंवा कर्ज ह्यांसाठी अर्ज करावयाचा म्हणजे शेतकरी बांधवांस पूर्वी कागदांची चवड घेऊन तालुक्यास जावे लागे. आता अर्ज संगणकावरून अथवा फोनवरून भरला जातो आणि कागदांऐवजी त्यांच्या फाइली जोडाव्या लागतात. श्रम कमी झाले खरे. पण एक नवी अडचण उभी राहिली. कागद खरा, माहितीही खरी, परंतु फाईल उघडत नाही किंवा अक्षर लागत नाही, एवढ्याच कारणाने अर्ज परत येतो. मुदतीच्या शेवटच्या दिवशी असे घडले, तर त्या हंगामाचा लाभ हातचा जातो. पासबुकातील ३ व ८ हे आकडे पुसट चित्रात एकसारखे दिसल्याने पैसे अडकून पडावेत, ही गोष्ट लहानशी वाटली तरी ज्याचे पैसे अडकतात त्यास ती लहान नसते. म्हणून कागदाची साधी, कोठेही उघडेल अशी चित्रप्रत कशी करावी, हे ग्रामपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने शिकून घ्यावे.

प्रथम फाइलींच्या जाती पाहू. जेपीजी हा प्रकार १९९२ साली प्रमाणित झाला व आज तो जवळजवळ प्रत्येक फोनवर व संगणकावर उघडतो. पीएनजी १९९६ चा. तोही सर्वत्र चालतो. टिफ हा १९८६ पासूनचा प्रकार दप्तरे जपून ठेवण्यास उत्तम, परंतु त्याच्या फाइली जड होतात आणि पुष्कळ संकेतस्थळे त्या स्वीकारीत नाहीत. आयफोन मात्र २०१७ पासून एचईआयसी नावाच्या निराळ्याच प्रकारात छायाचित्रे साठवितो. जुन्या संगणकावर ती उघडत नाहीत. त्या फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ हा पर्याय निवडला, की पुढील छायाचित्रे जेपीजीमध्ये निघतात.

येथे एका चुकीचा उल्लेख केला पाहिजे. काही जण फाइलीच्या नावाचे शेपूट तेवढे बदलतात आणि जेपीजी झाली असे समजतात. पोत्यावरील चिठ्ठी बदलल्याने आतील ज्वारीचा गहू होत नाही. फाईल उघडून ‘सेव्ह ॲज’ ह्या आज्ञेने नव्या प्रकारात साठविली पाहिजे. विंडोज संगणकातील पेंट ह्या साध्या कार्यक्रमातही हे काम होते.

मराठी मजकुराची फाईल असेल तर चित्रप्रतीचा विशेष उपयोग आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला ग्रामसभेचा ठराव दुसऱ्या संगणकावर उघडला, तर तेथे तो फॉन्ट नसल्यास सगळ्या मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा खिचडा दिसतो. त्याचीच चित्रप्रत केली तर अक्षरे जशीच्या तशी राहतात. अर्थात चित्रातील मजकुरात शोध घेता येत नाही व दुरुस्तीही करता येत नाही. म्हणून मूळ फाईल टाकून देऊ नये.

आता आकाराचा विचार करू. चित्र हे बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. ए-४ आकाराचा कागद इंचास ३०० ठिपके ह्या प्रमाणात स्कॅन केला तर सुमारे ८७ लाख ठिपके होतात. रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्यास ३ बाइट लागतात, म्हणजे दाबून न बसविलेली फाईल सुमारे २६ एमबी भरेल. तोच कागद २०० ठिपक्यांच्या प्रमाणात व करड्या छटांत घेतला तर ३९ लाखांहून थोडे कमी बाइट लागतात, म्हणजे जवळजवळ सातवा हिस्सा. साध्या छापील कागदास एवढे पुरेसे होते. जेपीजी ही फाईल आणखी दाबून लहान करते. पण तसे करताना चित्राचा काही बारीक तपशील कायमचा टाकून देते. त्यामुळे अक्षरांच्या कडांभोवती धूसर डाग उमटतात आणि एकच जेपीजी पुनःपुन्हा दुरुस्त करून साठविली, की ते वाढत जातात. मूळ चांगली प्रत एक निराळी ठेवावी आणि प्रत्येक वेळी तिच्यावरूनच लहान प्रत काढावी. पीएनजीत तपशील गळत नाही.

अर्जाच्या पानावर केबीची मर्यादा दिलेली असते. ती गाठण्यासाठी गुणवत्ता एकदम खाली आणण्यापेक्षा प्रथम कागदाबाहेरचा भाग, म्हणजे टेबल, चटई, धरणाऱ्याची बोटे, कापून टाकावा. मग रंगाऐवजी करड्या छटा घ्याव्यात. आणि तरीही फाईल मोठी राहिली तर लांबीरुंदी कमी करावी. लांबी व रुंदी निम्मी केली की ठिपके चौथाईवर येतात, हे ध्यानात असू द्यावे.

दाबण्याच्या पद्धतीवर फार विसंबू नये, ह्याचे एक बोलके उदाहरण जर्मनीतील आहे. २०१३ साली डेव्हिड क्रिझेल ह्या संगणकशास्त्रज्ञास असे आढळले, की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे स्कॅन करताना आकडेच बदलीत होती. बांधकामाच्या एका नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ व १७.४२ चौरस मीटर अशी निरनिराळी होती. स्कॅनमध्ये तिन्ही ठिकाणी १४.१३ उमटले. फाईल लहान करण्यासाठी यंत्र सारख्या दिसणाऱ्या खुणा एकच समजून एकीच्या जागी दुसरी बसवीत होते. कंपनीने पुढे दुरुस्ती दिली. ज्या कंपनीच्या नावाने आपण प्रत्येक नकलेस ‘झेरॉक्स’ म्हणतो, तिच्याच यंत्रांची ही कथा! सातबाऱ्यावरील गट क्रमांक, हेक्टर-आर, खाते क्रमांक हे आकडे मूळ कागदाशी एकेक ताडून पाहण्यास दोन मिनिटे पुरतात.

फोनने छायाचित्र घ्यावयाचे असल्यास कागद सपाट जागी ठेवावा. कडक उन्हात स्वतःची सावली पडते व रात्रीच्या दिव्याखाली प्लॅस्टिक चढविलेला कागद चमकतो. सकाळी ओसरीवरचा उजेड सर्वांत बरा. फोन कागदाच्या नेमका वर, समांतर धरावा. पुढे हे छायाचित्र व्हॉट्सॲपने पाठवावयाचे असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. ‘फोटो’ म्हणून पाठविल्यास ते वाटेत आणखी दाबले जाते.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मात्र ह्या सर्वांस अपवाद आहे. तो पीडीएफ स्वरूपात मिळतो आणि स्वाक्षरीची सत्यता त्या फाइलीतच असते. त्याची चित्रप्रत केली की स्वाक्षरीचे केवळ चित्र उरते. संगणकास ती तपासता येत नाही. जेथे पीडीएफ चालते तेथे तीच, न बदलता द्यावी. चित्रच मागितले असेल तर ते द्यावे, पण मूळ पीडीएफ जपून ठेवावी.

हे काम गावातील सेवा केंद्रात अथवा दुकानात करून घेतले असेल, तर आधार व पासबुकाच्या फाइली त्या संगणकावर तशाच राहतात. अर्ज दाखल होऊन पोच हाती आली, की त्या आपल्यासमोर पुसून घ्याव्यात. ‘रिसायकल बिन’ रिकामी झाली की नाही, हेही पाहावे.