युक्रेनियन कुळशोध

युक्रेनियन कुळशोध म्हणजे युक्रेनमधून परदेशी गेलेल्या कुटुंबांच्या वंशजांनी आपले मूळ गाव, पूर्वज आणि मागे राहिलेल्या शाखांमधील हयात नातेवाईक यांचा घेतलेला शोध. युक्रेनियन भाषेत वंशावळीला 'रोदोविद' म्हणतात. असा शोध घेणारे लोक मुख्यतः कॅनडा, अमेरिकेची संयुक्त संस्थाने, ब्राझील, आर्जेन्टिना, ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम युरोपात आढळतात. कॅनडाच्या २०१६ च्या जनगणनेत सुमारे १३ लाख ६० हजार लोकांनी आपले मूळ पूर्णतः अथवा अंशतः युक्रेनियन असल्याचे नोंदवले होते.

या शोधात दोन मोठ्या अडचणी येतात. पहिली अडचण राज्यांतराची आहे. ल्विव शहर १९१८ पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीत होते. त्यानंतर ते पोलंडकडे गेले, १९३९ मध्ये सोव्हिएत संघाकडे, १९४१ मध्ये जर्मनीच्या ताब्यात, १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएत संघाकडे आणि १९९१ पासून ते स्वतंत्र युक्रेनमध्ये आहे. तेथे एकाच घरात आयुष्य काढलेल्या मनुष्याची कागदपत्रे चार-पाच राज्यांच्या दफ्तरांत विखुरलेली असू शकतात. दुसरी अडचण मौनाची आहे. अनेक कुटुंबांनी परदेशस्थ नातेवाइकांचे अस्तित्व दोन पिढ्यांहून अधिक काळ जाणूनबुजून लपवले. कागद हरवला तर त्याची प्रत कोठेतरी मिळू शकते. न सांगितलेल्या नात्याची प्रत नसते.

स्थलांतराची पार्श्वभूमी

कॅनडातील युक्रेनियन वसाहतीचा आरंभ १८९१ पासून मानला जातो. त्या वर्षी गालिसिया प्रांतातील नेबिलिव गावचे इव्हान पिलिपिव आणि वासिल एलेन्याक हे दोघे तेथे पोहोचले. १८९५ मध्ये ओसिप ओलेस्किव यांनी मोकळ्या जमिनींविषयी माहिती देणारी पुस्तिका प्रसिद्ध केली आणि गालिसिया व बुकोव्हिना येथील अल्पभूधारक शेतकऱ्यांचा ओघ सुरू झाला. कॅनडात १० डॉलर शुल्क भरून १६० एकर जमीन मिळत असे. १९१४ पर्यंत सुमारे १ लाख ७० हजार लोक तेथे गेले. इतर काही पेन्सिल्व्हेनियातील कोळसा खाणींत, तर काही ब्राझीलच्या पाराना आणि आर्जेन्टिनाच्या मिसिओनेस प्रांतात स्थायिक झाले.

त्या काळी युक्रेन नावाचे राज्य नसल्यामुळे परदेशातील नोंदींत हे लोक 'युक्रेनियन' म्हणून क्वचितच सापडतात. त्यांची नोंद ऑस्ट्रियन, गालिसियन, रुथेनियन, पोलिश किंवा रशियन अशी झालेली असते. या नोंदीचा काहींना प्रत्यक्ष फटकाही बसला. पहिल्या महायुद्धात कॅनडाने ऑस्ट्रियाच्या प्रजाजनांना शत्रुदेशीय ठरवले आणि ८,५७९ जणांना छावण्यांत डांबले. त्यांत युक्रेनियनांची संख्या सर्वाधिक होती.

दोन महायुद्धांच्या दरम्यान आणखी एक लहान लाट आली. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी व ऑस्ट्रियातील निर्वासित छावण्यांमधून आलेली लाट मात्र वेगळ्या स्वरूपाची होती. जर्मनीने युक्रेनमधून वीस लाखांहून अधिक लोकांना सक्तीच्या मजुरीसाठी नेले होते. याल्टा करारानुसार १९३९ पूर्वीच्या सोव्हिएत हद्दीतील नागरिकांना युद्धानंतर परत पाठवायचे होते. परत जाणे म्हणजे चौकशी, संशय आणि कित्येकदा श्रमछावणी. म्हणून पूर्व युक्रेनमधील अनेकांनी छावणीतील अधिकाऱ्यांना आपले जन्मगाव पोलंडच्या जुन्या हद्दीतील सांगितले. काहींनी आडनावही बदलले. आजोबांच्या अधिकृत कागदावरील गाव प्रत्यक्षात त्यांनी कधी पाहिलेलेही नव्हते, हे त्यांच्या नातवंडांना फार उशिरा कळते.

गावाचे नाव

नवखे शोधक सामान्यतः आडनावापासून आरंभ करतात, आणि तेथेच बहुतेकांचा वेळ वाया जातो. युक्रेनमधील जुनी दफ्तरे गावनिहाय लावलेली आहेत. गाव ठाऊक नसेल, तर आडनावाचा उपयोग फार थोडा. म्हणून शोधाची पहिली पायरी युक्रेनमध्ये नसून स्थलांतरितांच्या नव्या देशात असते. हाम्बुर्ग बंदराच्या १८५० ते १९३४ या काळातील प्रवासी याद्या, नागरिकत्वाचे अर्ज, जमिनीच्या नोंदी, स्थानिक युक्रेनियन चर्चमधील विवाहनोंदी, तसेच १८९४ मध्ये स्थापन झालेल्या युक्रेनियन नॅशनल असोसिएशनसारख्या परस्पर-साहाय्य संस्थांचे विमापत्र यांत गावाचा उल्लेख मिळू शकतो. कॅनडाच्या राष्ट्रीय पुराभिलेखागारात झारकालीन रशियन वकिलातींच्या कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. जुन्या थडग्यांवरील सिरिलिक लिपीतील मजकुरात कित्येकदा जन्मगाव कोरलेले असते. पुढील पिढीला ती लिपी वाचता येत नाही, म्हणून वर्षानुवर्षे फुले वाहूनही ती माहिती न वाचलेलीच राहते.

गावाचे नाव मिळाल्यावरही काम संपत नाही. एकाच नावाची अनेक गावे आहेत. शिवाय नावे बदलली आहेत. स्तानिस्लाविवचे १९६२ मध्ये इव्हानो-फ्रांकिव्स्क झाले, प्रोस्कुरिवचे १९५४ मध्ये ख्मेल्नित्स्की झाले. बाख्मुत १९२४ ते २०१६ या काळात आर्तेमिव्स्क म्हणून ओळखले जाई. काही गावे आजच्या युक्रेनमध्ये नाहीतच. १९४४ ते १९४६ या काळात पोलंडमधील सुमारे ४ लाख ८० हजार युक्रेनियनांना सोव्हिएत युक्रेनमध्ये हलवण्यात आले. १९४७ च्या व्हिस्तुला मोहिमेत उरलेल्यांपैकी सुमारे १ लाख ४० हजार लोकांना पोलंडच्या उत्तर व पश्चिम भागांत विखुरले गेले. अशा कुटुंबांच्या वंशजांना मूळ गावी केवळ चर्चचे अवशेष आणि रानात हरवलेली स्मशानभूमी आढळते. नातेवाईक मात्र शेकडो किलोमीटर दूर कोठेतरी राहत असतात.

नावांची रूपे

युक्रेनियन भाषेतील ज्या अक्षराचा उच्चार 'ह' असा होतो, तेच अक्षर रशियनमध्ये 'ग' उच्चारले जाते. त्यामुळे घरात 'ह्रिहोरी' असलेला मनुष्य झारच्या दफ्तरात 'ग्रिगोरी', चर्चच्या लॅटिन नोंदवहीत 'ग्रेगोरियस' आणि कॅनडात 'ग्रेगरी' होतो. 'वासिल'चे इंग्रजी रूप पुष्कळदा 'विल्यम' झालेले दिसते, ज्याचा मूळ नावाशी अर्थाने काही संबंध नाही. अमेरिकेच्या एलिस बेटावरील अधिकाऱ्यांनी आडनावे बदलली, ही कथा अनेक घरांत सांगितली जाते. वस्तुतः प्रवाशांच्या याद्या निघण्याच्या बंदरावरच तयार होत आणि एलिस बेटावर त्या केवळ पडताळल्या जात. नावे बहुधा पुढे, शाळेत, खाणीत किंवा व्यवसायात बदलली. पेन्सिल्व्हेनियातील खाणकामगाराच्या घरी १९१९ मध्ये जन्मलेले वोलोदिमिर पालाह्न्युक हे जॅक पॅलन्स या नावाने हॉलिवूडचे अभिनेते झाले.

व्यक्तीच्या नावानंतर वडिलांच्या नावावरून साधलेले रूप लावण्याची पद्धत युक्रेनमध्ये आहे. महाराष्ट्रातील मधल्या नावाप्रमाणे तिचा शोधकाला मोठा उपयोग होतो. पेत्रोचा मुलगा 'पेत्रोविच', मुलगी 'पेत्रिव्ना'. त्यामुळे एका नोंदीतून दोन पिढ्या हाती लागतात.

नोंदवह्या

गालिसियात सम्राट दुसरा जोसेफ याच्या १७८४ च्या आज्ञेनुसार चर्चच्या जन्म, विवाह व मृत्यूच्या वह्या ठरावीक रकान्यांत आणि लॅटिन भाषेत ठेवल्या जाऊ लागल्या. त्यांत घर क्रमांकाचा रकाना असतो. अर्धे गाव एकाच आडनावाचे असले, तर घर क्रमांकाखेरीज दोन कुटुंबे वेगळी करण्याचा दुसरा मार्ग नसतो. धर्ममाता-पित्यांची नावे आणि पुष्कळदा सुईणीचे नावही त्यांत मिळते. या वह्यांच्या प्रती धर्मप्रांताच्या कचेरीकडे जात. ल्विव येथील केंद्रीय ऐतिहासिक पुराभिलेखागारात ग्रीक-कॅथलिक वह्या प्रामुख्याने संग्रह क्रमांक २०१ मध्ये आहेत. तेथेच १७८५ ते १७८८ आणि १८१९-२० मधील जमीन मोजणीची दफ्तरेही आहेत. काही वह्या वॉर्सा येथे गेल्या.

रशियन साम्राज्यातील प्रदेशांत ऑर्थोडॉक्स चर्चच्या वह्या, वार्षिक पापनिवेदनाच्या कुटुंबवार याद्या आणि करआकारणीसाठी १७१९ ते १८५८ या काळात झालेल्या दहा शिरगणत्यांच्या नोंदी उपलब्ध आहेत. तेथील तारखा जुन्या ज्युलियन पंचांगानुसार आहेत. आजच्या पंचांगाशी मेळ घालण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील तारखेत १२ दिवस मिळवावे लागतात. सोव्हिएत राजवटीत नोंदणी सरकारकडे आली. नोंदणी कचेरीतील वह्या ७५ वर्षांनंतर पुराभिलेखागाराकडे सोपवल्या जातात. ग्रामपरिषदांकडील घरवार वह्यांत १९३० च्या दशकापासून प्रत्येक घरातील माणसांची नोंद आहे.

हानीही मोठी आहे. २००३ मध्ये कामियानेत्स-पोदिल्स्की येथील पुराभिलेखागाराला आग लागून पोदिल्या प्रांताची असंख्य कागदपत्रे जळाली. १९३२-३३ च्या होलोदोमोर या कृत्रिम दुष्काळात लक्षावधी लोक मेले; काही घरांत मृत्यूची नोंद करायलाही कोणी उरले नाही.

मौनाचा काळ

सोव्हिएत संघात नोकरी, उच्च शिक्षण अथवा पक्षसदस्यत्व यांसाठी भराव्या लागणाऱ्या प्रपत्रांत परदेशात नातेवाईक आहेत काय, असा प्रश्न असे. होकारार्थी उत्तर देणाऱ्याच्या मुलाचा विद्यापीठप्रवेश किंवा नोकरीतील बढती अडू शकत असे. त्यामुळे कॅनडातील भावाची पत्रे जाळली गेली, छायाचित्रांतील चेहरे कापले गेले, मुलांना काका 'युद्धात गेला' असे सांगण्यात आले. १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये पश्चिम युक्रेनमधून पाऊण लाखाहून अधिक लोकांना सायबेरिया व कझाकस्तानकडे हद्दपार करण्यात आले. तेथून परतलेली माणसे तर याबाबत अधिकच सावध होती. परदेशात गेलेल्यांनीही पत्रे थांबवली. आपले पत्र मागे राहिलेल्यांना अडचणीत आणील, ही भीती त्यामागे होती. तिकडे मात्र पुष्कळांनी त्याचा अर्थ 'विसरला' असाच घेतला. या गैरसमजाचे ओझे पुढच्या पिढीकडेही आले.

स्टालिनच्या मृत्यूनंतर निर्बंध काहीसे सैल झाले. रेड क्रॉसमार्फत चौकशा होऊ लागल्या आणि पार्सले येऊ लागली. परदेशी मृत झालेल्यांच्या वारसाहक्काची प्रकरणे सोव्हिएत 'इन्यूरकोलेगिया' ही संस्था हाताळत असे. काही कुटुंबांना अमेरिकेतील मामा होता हे प्रथम त्याच्या मृत्युपत्रामुळेच कळले.

२०१५ च्या कायद्याने युक्रेनमध्ये १९१७ ते १९९१ या काळातील दडपशाही यंत्रणांची दफ्तरे खुली झाली. अटक झालेल्या व्यक्तीच्या फायलीत जन्मगाव, आईवडील, भावंडे आणि त्यांचे ठावठिकाणे बारकाईने नोंदवलेले असतात. अनेक कुटुंबांचा सर्वांत तपशीलवार वंशवृत्तांत अशा रीतीने चौकशी अधिकाऱ्याच्या हस्ताक्षरात आहे. त्याच फायलीत शेजाऱ्याची किंवा नातेवाइकाची साक्षही सापडू शकते, म्हणून ती उघडावी की नाही याविषयी भावंडांतही मतभेद होतात.

नातेवाइकांची भेट

१९९१ नंतर प्रवास सुलभ झाला. पत्ता नसलेला शोधक बहुधा गावातील धर्मगुरू, शाळेतील शिक्षक किंवा ग्रामपरिषद यांना जुन्या छायाचित्रासह पत्र पाठवतो. आता समाजमाध्यमांवरील गावांचे गट आणि जनुकीय चाचण्या यांचीही जोड मिळाली आहे. या चाचण्या घेणाऱ्यांत उत्तर अमेरिकेतील लोकच अधिक असल्याने त्यांतून गावातील चुलतभावापेक्षा शेजारच्या प्रांतातील अनोळखी भाऊबंद सापडण्याची शक्यता जास्त असते.

पाहुण्यांचे स्वागत भरतकाम केलेल्या 'रुश्निक' वस्त्रावर ठेवलेल्या पाव-मिठाने करण्याची प्रथा आहे. ईस्टरनंतरच्या दिवसांत 'प्रोवोदी'निमित्त कुटुंबे पूर्वजांच्या थडग्यांपाशी जमतात, म्हणून काही शोधक प्रवासासाठी हाच काळ निवडतात. भेटीत भाषेचा वेगळाच प्रश्न उभा राहतो. स्थलांतरितांच्या घरात टिकलेली बोली शंभर वर्षांपूर्वीच्या गालिसियाची असते. गावात ती आता फक्त वृद्धांनाच ओळखू येते. आलेला पाहुणा जुन्या घरावर किंवा जमिनीवर हक्क सांगेल, अशी शंका काहींच्या मनात असते. दुसऱ्या बाजूस, बरोबर नेलेल्या भेटवस्तूंपेक्षा 'आम्ही तुम्हाला विसरलो नव्हतो' हे सिद्ध करणारे एखादे जपून ठेवलेले पत्र अधिक मोलाचे ठरते.

ज्यू कुटुंबांच्या वाट्याला अशी भेट क्वचित येते. अमेरिकन लेखक डॅनियल मेंडेलसोन यांनी बोलेखिव येथे मारल्या गेलेल्या आपल्या आजोबांच्या भावाचा, त्याच्या पत्नीचा आणि चार मुलींचा शोध घेतला. 'द लॉस्ट' (२००६) या त्यांच्या ग्रंथात हा शोध मुख्यतः त्या सहा जणांना ओळखणाऱ्या, ऑस्ट्रेलिया, इस्रायल आणि स्कँडिनेव्हियात विखुरलेल्या वृद्धांच्या भेटींतून पुढे जातो.

कोल्हापूरचा दुवा

१९४० पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे ५,००० जण, बहुतांश स्त्रिया व मुले, इराणमार्गे येऊन १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथील छावणीत राहिले. यांतील अनेकांची घरे आजच्या पश्चिम युक्रेनमध्ये होती. त्यांच्या मुला-नातवंडांच्या शोधात म्हणूनच ल्विव व वॉर्सा येथील नोंदवह्यांबरोबर वळिवडेही येते. छावणीत बालपण घालवलेले काही जण २०१९ मध्ये कोल्हापूरला येऊन गेले.

युद्धकाळातील स्थिती

२०२२ च्या फेब्रुवारीत रशियाचे आक्रमण सुरू झाल्यावर चेर्निहिव येथील सुरक्षायंत्रणेचे दफ्तर हल्ल्यात नष्ट झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस खेर्सोन सोडताना रशियन सैन्याने तेथील पुराभिलेखागारातील मोठा साठा नेला. नोंदवह्यांचे संगणकीय छायाचित्रण त्यानंतर अधिक निकडीचे मानले जाऊ लागले.

नात्यांची दिशाही या काळात उलटली. कॅनडाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या विशेष प्रवास परवान्यावर सुमारे तीन लाख युक्रेनियन तेथे पोहोचले. त्यांपैकी काहींचा मुक्काम ज्यांनी आधी युक्रेनमध्ये येऊन कुळाचा शोध घेतला होता, अशा दूरच्या नातलगांच्या घरी झाला.