दोन कानांसाठी दोन मायक्रोफोन

अकूस्टिक गिटारचा नाद एकाच ठिकाणाहून निघत नाही; घोडीजवळ तो टणक असतो, पोकळीच्या तोंडाशी घुमतो आणि बाराव्या फ्रेटच्या आसपास तारांची चमक व लाकडाची ऊब यांचा तोल साधलेला असतो. हा पसारा ध्वनिमुद्रणात टिकवण्यासाठी दोन मायक्रोफोनांनी दोन स्वतंत्र वाहिन्यांवर केलेले मुद्रण, म्हणजेच स्टिरिओ, उपयोगी पडते. या तंत्राचा पाया ब्रिटिश अभियंता अ‍ॅलन ब्लुमलाइन यांनी 1931 साली दाखल केलेल्या पेटंट-अर्जात घातला गेला असून, एकाच जागी काटकोनात ठेवलेल्या दोन मायक्रोफोनांची रचनाही त्यात आहे.

या कामासाठी सहसा लहान पडद्याचा कंडेन्सर मायक्रोफोन निवडला जातो. त्याचा पातळ पडदा विद्युतभारित पट्टिकेसमोर कंप पावतो आणि दोहोंमधील अंतर बदलताच विद्युतसंकेत निर्माण होतो. पडदा हलका असल्यामुळे तार छेडल्याच्या क्षणीचा बारीक आघातही त्यातून निसटत नाही. 1962 साली बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी विद्युतभार कायम धरून ठेवणारा इलेक्ट्रेट पडदा विकसित केला आणि त्यामुळे असे मायक्रोफोन स्वस्तात बनवणे शक्य झाले. अंतर्गत वर्धकासाठी मात्र त्यांपैकी बहुतेकांना केबलमधूनच येणारा 48 व्होल्टचा पुरवठा, म्हणजे फॅन्टम पॉवर, लागतो. म्हणून ऑडिओ इंटरफेसवर तशा दोन वाहिन्या आहेत की नाहीत, हे खरेदीपूर्वीच पाहावे लागते.

रोडचा एम5 आणि बेहरिंगरचा सी-2 हे मायक्रोफोन जोडीनेच विकले जातात. जुळवलेल्या जोडीत दोघांची संवेदनशीलता आणि निरनिराळ्या कंप्रतांना मिळणारा प्रतिसाद जवळजवळ सारखा असतो. तो सारखा नसेल, तर काही स्वर डावीकडे आणि काही उजवीकडे सरकल्याचा भास होतो. जोडीइतकेच लक्ष मायक्रोफोनच्या स्वतःच्या सुरसुरीकडेही द्यावे लागते, कारण गिटारच्या हळुवार वादनात ती लगेच उघडी पडते.

मांडणीचे गणित त्याहूनही निर्णायक ठरते. दोन्ही पडदे एकावर एक आणून काटकोनात रोखले, तर ध्वनी दोघांपर्यंत एकाच वेळी पोहोचतो आणि दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या तरी स्वर पोकळ होत नाही. फ्रेंच नभोवाणीत रूढ झालेल्या ओआरटीएफ पद्धतीत पडद्यांमध्ये 17 सेंटिमीटर अंतर आणि 110 अंशांचा कोन ठेवतात, त्यामुळे विस्तार अधिक जाणवतो. मायक्रोफोन दूरदूर ठेवले असता मात्र एखाद्या ध्वनीच्या दोन मार्गांत 17 सेंटिमीटरचा फरक पडला, तर सुमारे 1000 हर्ट्झची लाट एकीकडे चढणीवर असताना दुसरीकडे उतरणीवर असते आणि दोन्ही वाहिन्या मिसळताच ती बरीचशी नाहीशी होते.

म्हणून मर्यादित पैशांत एक महागडा मायक्रोफोन आणि त्याच्या जोडीला भलताच दुसरा घेण्यापेक्षा साध्या पण एकसारख्या दोघांची जोडी घ्यावी, ती बाराव्या फ्रेटसमोर सुमारे 30 सेंटिमीटरवर काटकोनात लावावी आणि उरलेली रक्कम भक्कम स्टँड व खोलीतील प्रतिध्वनी शोषणारे जाड पडदे यांवर खर्च करावी.