नागानोचं पत्र : मिठाचा हिशेब ठेवणारी गावं

सुझाका, नागानो प्रांत, जपान



जपानी माणसं एवढी कशी जगतात, हा प्रश्न मीरा रोडच्या पूनम सागर वसाहतीतल्या ज्येष्ठ मंडळींकडून हमखास येतो. १९६३ साली इथल्या सरकारने शंभरी ओलांडलेल्यांची पहिल्यांदा गणती केली, तेव्हा साऱ्या देशात १५३ जण निघाले. २०२५च्या सप्टेंबरात हा आकडा ९९,७६३ झाला. त्यात दहातल्या जवळपास नऊ बायका. उत्तर म्हणून आपल्याकडे ओकिनावा बेट, हिरवा चहा आणि शांत मन एवढंच सांगितलं जातं. मला सांगायचंय ते या डोंगराळ नागानोबद्दल, कारण इथलं उत्तर आपल्याला उचलून नेता येण्यासारखं आहे.

नागानोला समुद्र नाही. मीठ पूर्वी किनाऱ्यावरून बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवर यायचं. त्या जुन्या वाटेला लोक अजून मिठाची वाट म्हणतात. आपल्या भाईंदरच्या मिठागरांशेजारी वाढलेल्याला याचं नवल वाटतं. हिवाळ्यात चार महिने बर्फ, म्हणून पालेभाजी मिठात मुरवून ठेवायची, तीच तिन्ही त्रिकाळ खायची. सोबत मिसो, म्हणजे सोयाबीनच्या खारट आंबवणाचं सूप. घरं गारठलेली. परिणाम व्हायचा तोच झाला. १९६०च्या दशकात पक्षाघाताच्या मृत्यूंमध्ये हा प्रांत देशात अगदी वरच्या क्रमांकांवर होता. पण पुढे १९९०मध्ये इथल्या पुरुषांचं आयुर्मान देशात पहिलं आलं; २०१०मध्ये स्त्री-पुरुष दोघांचंही.

हे ज्यांनी घडवलं त्यांतलं एक मोठं नाव डॉ. तोशिकाझु वाकात्सुकी. हे सर्जन १९४५मध्ये इथल्या साकु भागातल्या लहानशा रुग्णालयात आले. रुग्ण फार उशिरा येतात हे पाहून ते स्वतःच गावोगाव जाऊ लागले. तपासणी झाली की डॉक्टर आणि परिचारिका मिळून नाटक करायचे. आजार, स्वच्छता, खाणंपिणं हेच त्याचे विषय. १९५९मध्ये याचिहो नावाच्या अख्ख्या गावाची दरवर्षी तपासणी सुरू झाली आणि प्रत्येकाच्या हाती आरोग्याची वही आली. घरातली निदान एक खोली तरी उबदार ठेवा, असा आग्रह धरला गेला. वाकात्सुकींना १९७६मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तीनच वर्षांनी तोच पुरस्कार आपल्या जामखेडच्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांना मिळाला. गावातल्याच बायकांना शिकवून गावाचं आरोग्य त्यांच्या हाती द्यायचं, हे जामखेडने १९७०पासून करून दाखवलं आहे. म्हणजे मी काही परकं सांगत नाही.

मला सर्वांत मोलाची वाटते ती इथल्या बायकांची फळी. तिला होकेन होदोइन म्हणतात. १९४५मध्ये, आज सुझाका शहरात असलेल्या एका खेड्यात, एकट्या आरोग्य परिचारिकेची धावपळ बघवेना म्हणून घरच्या बायका मदतीला उभ्या राहिल्या, तिथून ही सुरुवात. आळीआळीतून बाई निवडायची, दोन वर्षं काम, मग दुसरी. पगारी नोकरी नाही आणि मिरवण्याचं पदही नाही. त्या शिकतात, रक्तदाब मोजायला मदत करतात, शेजाऱ्यांना तपासणीला धाडतात. मिठाविरुद्ध मोहीम निघाली तेव्हा खारटपणा मोजायचं छोटं यंत्र घेऊन घरोघरच्या सुपाचा खारटपणा तपासला गेला. शेजारीण सांगते तेव्हा ऐकलं जातं. आणि दोन वर्षांनी ती पायउतार झाली तरी तिच्या स्वयंपाकघरातलं मीठ पुन्हा वाढत नाही. पाळी फिरत राहिल्यामुळे शिकलेल्या बाईचं घर जवळपास प्रत्येक आळीत निघतं. माझ्या मते नागानोच्या दीर्घायुष्याचं खरं मर्म या फिरत्या पाळीत आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. सकाळी साडेसहाला रेडिओवर व्यायाम लागतो, १९२८पासूनची प्रथा. साठीनंतर काम हवं असणाऱ्यांसाठी गावोगाव केंद्रं आहेत. झाडं छाटणं, सायकलतळ सांभाळणं अशी हलकी कामं मिळतात. इथे सफरचंदाच्या बागांतून सत्तरी उलटलेली माणसं सहज दिसतात. हाती काम असलेला माणूस सकाळी उठायला कंटाळत नाही, हे मी इथे रोज पाहतो.

पण सगळं गोड लिहिलं तर ते खोटं ठरेल. या देशात १००पैकी २९ जण पासष्टी ओलांडलेले आहेत आणि एकटेपणा भयंकर आहे. पोलिसांच्या हिशेबानुसार २०२४मध्ये एकट्याने राहणारी, पासष्टीपुढची ५८ हजारांवर माणसं घरातच मरण पावली. कित्येकांचा पत्ता उशिरा लागला. या बाबतीत पूनम सागर श्रीमंत आहे. आपल्याकडे दूधवाला, कामवाली, समोरच्या दारातली मावशी यांच्यापैकी कुणीतरी दिवसभरात दार ठोठावतंच. ही माया तशीच वाया घालवू नका. तिला कामाला लावा.

म्हणून एक विनंती. प्रत्येक विंगमधून दोन जणींनी किंवा दोघांनी एका वर्षाची पाळी घ्यावी. महिन्यातून एकदा खाली सोसायटीच्या कार्यालयात रक्तदाब मोजावा, कुणाची तपासणी राहिली ते विचारावं. आणि सुरुवात मिठापासून करावी. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. चार माणसांच्या घरात एक किलोचं पाकीट किमान पन्नास दिवस पुरायला हवं, आणि त्यात फरसाण, पापड, लोणचं, पाव, खारी मासळी यांचं मीठ धरलेलंच नाही. पुढचं पाकीट फोडाल तेव्हा त्यावर तारीख लिहा. संपेल त्या दिवशी पुन्हा लिहा, आणि तो आकडा शेजारच्या घराला सांगा.