बहिरेपणा

बहिरेपणा : ऐकण्याच्या क्षमतेत येणारी अंशतः अथवा पूर्ण न्यूनता. ध्वनितरंगांमुळे कर्णपटह कंप पावतो; मध्यकर्णातील तीन अस्थिका ते कंपन अंतर्कर्णाकडे पोहोचवितात आणि तेथील केसयुक्त कोशिकांत निर्माण झालेले संवेद श्रवण तंत्रिकेवाटे मेंदूकडे जातात. या मार्गात दोष कोठे आहे, यावर बहिरेपणाचा प्रकार व उपचार ठरतात.

प्रकार व कारणे : (१) संवहनजन्य : दोष बाह्यकर्णात किंवा मध्यकर्णात असतो. साठलेला मळ, कर्णपटहास पडलेले छिद्र, कान वाहणे व रिकिबीच्या आकाराची अस्थिका जखडणे ही प्रमुख कारणे होत. (२) संवेदन-तंत्रिकाजन्य : अंतर्कर्ण किंवा श्रवण तंत्रिका विकृत झालेली असते. आनुवंशिकता, गर्भवतीस झालेला जर्मन गोवर, नवजात अर्भकाची तीव्र कावीळ, गालगुंड, मस्तिष्कावरणशोथ, स्ट्रेप्टोमायसीन व जेंटामायसीन यांसारखी औषधे, वार्धक्य आणि गोंगाट यांमुळे ती उद्‌भवते. निकटच्या नात्यातील विवाहांमुळे आनुवंशिक बहिरेपणाचा संभव वाढतो. (३) मिश्र : वरील दोन्ही दोष एकत्र असतात.

गोंगाटजन्य बहिरेपणा सावकाश येत असल्याने दुर्लक्षित राहतो. अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यात साखर कारखानदारी मोठी आहे. अशा कारखान्यांतील टर्बाइने व गाळपयंत्रे यांजवळ दीर्घकाळ काम करणाऱ्यांना, तसेच तेथील के. के. रेंजसारख्या रणगाड्यांच्या गोळीबार-क्षेत्रांत वावरणाऱ्यांना कर्णरक्षक साधने आवश्यक ठरतात. प्रथम सुमारे ४,००० हर्ट्‌झ कंप्रतेचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. संभाषणात अडचण जाणवू लागते, तोवर बरीच हानी झालेली असते. नष्ट झालेल्या कोशिका पुन्हा निर्माण होत नाहीत.

निदान : नादकाट्याच्या परीक्षेत हवेपेक्षा अस्थिमार्गे ध्वनी अधिक चांगला ऐकू आल्यास दोष सामान्यतः संवहनजन्य असतो. श्रवणमापकाने न्यूनतेचे प्रमाण डेसिबेलमध्ये मोजतात. अर्भकांत अंतर्कर्णातून परत येणाऱ्या सूक्ष्म ध्वनींची नोंद आणि मस्तिष्कस्तंभाच्या विद्युत् प्रतिसादाची परीक्षा उपयुक्त ठरते. जन्मानंतर १ महिन्याच्या आत चाचणी, ३ महिन्यांच्या आत निदान व ६ महिन्यांच्या आत उपचारास प्रारंभ व्हावा, असा संकेत आहे. कारण भाषा आत्मसात करण्याचा काळ वाया गेल्यास ऐकू न येणारे मूल मुकेही राहते. ‘उशिरा बोलेल’ म्हणून वाट पाहणे म्हणूनच घातक ठरते.

उपचार व प्रतिबंध : संवहनजन्य प्रकारात मळ काढणे, प्रतिजैव औषधे, कर्णपटहाची दुरुस्ती किंवा अस्थिकेच्या जागी कृत्रिम अस्थिका बसविणे यांनी श्रवण बहुधा सुधारते. दुसऱ्या प्रकारात श्रवणयंत्र आणि तीव्र दोष असल्यास अंतर्कर्णात विद्युत् अग्रे बसविण्याची शस्त्रक्रिया करतात. त्यानंतर वाक्-प्रशिक्षण अपरिहार्य असते. खुणांची भाषा हेही शिक्षणाचे समर्थ माध्यम आहे. अकस्मात आलेला बहिरेपणा तातडीची अवस्था समजावी. स्टेरॉइडांचा उपचार पहिल्या काही दिवसांतच अधिक गुणकारी ठरतो.

वाहणाऱ्या कानात तेल घालणे किंवा काडीने कान कोरणे अपायकारक आहे. मुलींना जर्मन गोवराची लस देणे हा प्रतिबंधाचा महत्त्वाचा भाग होय. मुंबई येथे १९८३ मध्ये श्रवणदोषांसाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. जिल्हा पातळीवर निदान व उपचार उपलब्ध करणारा केंद्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००७ मध्ये सुरू झाला.